एसएमपीएस बदलला, तरी कॉम्प्युटर धड चालत नाही? मग असं शोधा

फाट् असा आवाज येतो, जळका वास सुटतो, मॉनिटर काळा पडतो. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, गेला हे कुणीही सांगेल, आणि नवा बसवायला पंधरा मिनिटं पुरतात. खरी कटकट त्यानंतर सुरू होते. पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही. डिस्प्ले येतो पण विंडोज चढत नाही. विंडोज चढतं, पण तासाभरानं मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. आणि सगळं सुरळीत झालं म्हणावं, तर चार महिन्यांनी नवा एसएमपीएसही तसाच फाट् करून जातो.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. शेजारी लेथ, वेल्डिंग, मोटर रिवाइंडिंग. मशीन शॉपची बिलिंगची कॉम्प्युटरं, डीटीपीवाले, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली ऑफिसं, करवीर तालुक्यातल्या दूध संस्था असं माझं गिऱ्हाईक. ही तक्रार वर्षभर येते, वळवाच्या पावसात आणि जूनच्या तोंडाला जास्त. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे: एसएमपीएस कशानं गेला आणि जाताना सोबत काय घेऊन गेला, ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय नवा डबा मदरबोर्डला जोडू नये.

हे मी एका दूध संस्थेत शिकलो. तिथल्या कॉम्प्युटरला वजनकाटा आणि दुधातलं फॅट मोजणारं मशीन जोडलेलं. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, काट्यावरचं वजन आपोआप कॉम्प्युटरात चढतं, स्लिप छापून निघते. कॉम्प्युटर बंद पडला की रांग थांबते, आणि दहा दिवसांच्या बिलाचा हिशेब हातानं जुळवत बसावं लागतं. पहिल्यांदा एसएमपीएस गेला तेव्हा मी फक्त डबा बदलून दिला. पाच महिन्यांनी दुसरा गेला, तोही बदलला. तिसऱ्या वेळी सचिवांचा फोन आला, "दादा, परत गेला बघा. फाट् करून वाजला आणि सगळं काळं झालं. दारात माणसं कॅन घेऊन उभी हाईत, काय करू?" त्या संध्याकाळी मी सुटा एसएमपीएस नेलाच, पण जोडायच्या आधी मल्टिमीटर बाहेर काढला. तिथं काय सापडलं ते पुढं येईलच. आधी टेबलावरचं काम.

जोडायच्या आधी

प्लग काढा आणि कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डात उरलेला चार्ज निघून जाईल. जळालेला एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नका. २३० व्होल्टचं डीसी झालं की आतल्या, वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. बटण दाबून धरल्यानं तो पूर्ण उतरेलच याची खात्री नसते. ज्याला हे काम येतं त्यालाच करू द्या.

नवा असो की कुणाकडून मागून आणलेला, एसएमपीएस आधी बाहेरच तपासायचा. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर तारेच्या तुकड्यानं जोडली की तो चालू होतो. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या असलेले एसएमपीएस येतात. तिथं खिट्टीच्या बाजूच्या रांगेतली १६ नंबरची पिन ही हिरवीची, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या १५ आणि १७ ग्राउंडच्या. नंबर कुठून मोजायचे याचं चित्र समोर ठेवूनच तार घाला.

पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं समजू नका. पंख्याला १२ व्होल्टच्या आसपास काहीही मिळालं तरी तो फिरतो. एखादी निकामी पण मोटर फिरणारी हार्डडिस्क लोड म्हणून जोडा आणि मीटर लावा. पिवळीवर ११.४० ते १२.६०, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. जांभळी वायर स्टँडबायची. कॉम्प्युटर बंद असला तरी प्लग चालू आहे तोवर तिच्यावर ५ व्होल्ट असतात, आणि बटण दाबल्यावर काहीच हालचाल नसेल तर पहिलं माप तिचंच घ्यायचं. राखाडी वायर बहुतेक जण विसरतात. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की साधारण ०.१ ते ०.५ सेकंदात एसएमपीएस या वायरवर ५ व्होल्ट देऊन बोर्डाला "आता सुरू हो" असं सांगतो. ती आलीच नाही तर बोर्ड रीसेटमध्येच अडकतो. पंखे फिरतात, पडदा काळा राहतो, आणि बिचाऱ्या रॅमला दोष लागतो.

आता बोर्ड. एसएमपीएस जोडण्याआधी मीटर कंटिन्युइटीवर (वाट सलग असेल तर बीप वाजते त्या खुणेवर) ठेवा आणि प्रोसेसरजवळच्या ४ किंवा ८ पिनांच्या सॉकेटमध्ये १२ व्होल्टच्या पिनेला एक टोक, ग्राउंडला दुसरं लावा. सलग बीप वाजली तर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागातला एखादा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झाला आहे. अशा बोर्डाला नवा एसएमपीएस जोडलात तर नशीब चांगलं असेल तर तो लगेच बंद होऊन स्वतःला वाचवेल. स्वस्तातला असेल तर तोही जाईल. अशा बोर्डावर चांगला प्रोसेसर लावून बघण्याचा मोह तर अजिबात नको, शॉर्ट मॉस्फेटमधून १२ व्होल्ट थेट प्रोसेसरवर जाऊ शकतात. बोर्ड ठीक असेल तर ओहमवर ठेवलेल्या मीटरचा आकडा हळूहळू वर चढतो, कारण बोर्डावरचे कपॅसिटर भरत असतात. नवख्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: प्रोसेसरशेजारच्या कॉइलवर मीटर लावलात तर अगदी कमी ओहम दिसतात. ते नॉर्मल आहे. प्रोसेसरचा आतला रोध मुळातच तेवढा कमी असतो, त्याला शॉर्ट समजून बोर्ड टाकून देऊ नका.

डोळ्यांनीही बघा. माथ्यावर फुगलेले, बुडाशी तपकिरी ओघळ आलेले कपॅसिटर असतील तर बोर्ड चालू झाला तरी तो फार दिवस साथ देणार नाही.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा. प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एकच पट्टी आणि तो छोटा बझर, एवढंच जोडा. हार्डडिस्क, डीव्हीडी, ग्राफिक्स कार्ड, समोरच्या यूएसबीच्या वायरी, सगळं बाजूला. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं क्षणभर टेकवून चालू करा.

दुकानात अशी जी मशीनं येतात त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी दोष अगदी साधा निघतो. २४ पिनांची जोडलेली असते आणि प्रोसेसरची ४ पिनांची राहून गेलेली असते. त्यामुळं आधी ती बघा. मग रॅम काढून चालू करा. रॅम नाही म्हणून बझर ओरडला तर प्रोसेसर आणि बोर्ड निदान बोलण्याइतके तरी जिवंत आहेत. रॅम बदलून, खाच बदलून बघा. काहीच आवाज नसेल तर बटण सेल काढून सीमॉस (बोर्डाची सेटिंग साठवणारी मेमरी) क्लिअर करा आणि पुन्हा बघा. तरीही शांतता असेल तर बोर्ड किंवा प्रोसेसर. माझ्या अनुभवात प्रोसेसर क्वचित जातो, बोर्ड जास्त वेळा.

एवढ्यावर डिस्प्ले आला की एकेक वस्तू जोडत जा आणि प्रत्येक वेळी चालू करून बघा. वेळखाऊ आहे, पण मशीन जिथं अडतं तिथं चोर हातात सापडतो.

हार्डडिस्क जोडली की एसएमपीएस चालूच होत नाही

इथं घाई करू नका, कारण मशीनमधली सगळ्यात मोलाची वस्तू हीच. डिस्कच्या पाठीवरच्या हिरव्या किंवा निळ्या पाटीवर, पॉवरच्या पिनांजवळ, दोन छोटे काळे चौकोनी डायोड असतात. एक १२ व्होल्टच्या वाटेवर, एक ५ व्होल्टच्या. जादा व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होतात आणि पुढचा भाग वाचवतात. म्हणजे डिस्क जोडल्यावर एसएमपीएस टक् करून बंद पडत असेल तर ती वाईट बातमीच असेल असं नाही. बऱ्याचदा डायोडनं आपलं काम केलेलं असतं आणि आतला डेटा शाबूत असतो. शॉर्ट झालेला डायोड जाणत्या हातानं काढला की डिस्क फिरू लागते. त्यानंतर तिला संरक्षण राहिलेलं नसतं, म्हणून चांगल्या एसएमपीएसवर एकदाच चालवून डेटा दुसरीकडं घ्यायचा.

"त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची पाटी बसवा" हा सल्ला सर्रास ऐकू येतो. नव्या डिस्कांत हे सरळ चालत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं पाटीवरच्या एका छोट्या चिपमध्ये असतात, ती चिप जुन्या पाटीवरून उचलून नव्यावर लावावी लागते. लग्नाचे फोटो, पाच वर्षांचं अकाउंटिंग असं काही असेल तर प्रयोग न करता डेटा काढणाऱ्याकडं न्या.

डिस्क दिसते पण हळू चालते, अधूनमधून टकटक करते, अशा वेळी आधी क्रिस्टल-डिस्क-इन्फोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघा. ०५ आणि सी५ या ओळींत आकडे असतील तर सेक्टर खराब झालेत किंवा होताहेत. सी७ वाढत असेल तर डिस्कला शिव्या देण्याआधी डेटा केबल बदला. आणि खराब होत चाललेल्या डिस्कवर आधी चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय) चालवू नका. डेटा काढा, मग काय ते करा.

डिस्क दिसते, विंडोज चढत नाही

या दोषापायी किती चांगल्या मशीनांवर उगाच फॉरमॅट मारला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एसएमपीएस जातो, मशीन दोन-चार दिवस बिनविजेचं पडून राहतं, बटण सेल आधीच म्हातारा झालेला असतो किंवा दुरुस्तीत कुणीतरी सीमॉस क्लिअर करतो. बायोसची, म्हणजे बोर्डाची, सगळी सेटिंग कंपनीतून आली तशी होतात. विंडोज बसवताना साटा मोड (बोर्डानं डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय असेल आणि आता तो आयडीई किंवा रेड झाला असेल, तर विंडोज निळा पडदा दाखवून "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणतं. बूट करायची पद्धत यूईएफआयवरून जुन्या लेगसीवर गेली तर "बूट डिव्हाइस नाही" असं येतं. डिस्क धडधाकट, विंडोज धडधाकट, फक्त एक सेटिंग इकडचं तिकडं. मोड परत जुना करा, बूटचा क्रम बघा आणि मगच पुढचा विचार करा.

तो सेल सीआर-२०३२, ३ व्होल्टचा. मीटरवर २.८ च्या खाली दाखवत असेल तर बदलून टाका. तारीख चुकली की इंटरनेटवरच्या साइट सर्टिफिकेटच्या नावानं उघडत नाहीत, आणि दूध संस्थेत तर स्लिपवर भलतीच तारीख छापली जाऊन बिलाच्या दिवशी भांडणं लागतात.

वजनकाटा बोलेना

संस्थेत नवा एसएमपीएस लावल्यावर सगळं चाललं, पण काट्याचं वजन येईना. काटा सीरियल पोर्टवर होता. मदरबोर्डवरच्या जुन्या धाटणीच्या सीरियल पोर्टला अधिक १२ आणि उणे १२ असे दोन्ही व्होल्टेज लागतात, आणि उणे १२ येतं ते एसएमपीएसच्या निळ्या वायरीतून. बाकी काहीही त्या वायरीवर फारसं चालत नाही, म्हणून ती मेली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मी मापलं, उणे ११.६ होतं, म्हणजे वायर ठीक. केबल दुसऱ्या मशीनवर चालली, म्हणजे काटाही ठीक. बोर्डावरची पोर्टची चिप गेली होती. यूएसबीवरून सीरियल देणारा कन्व्हर्टर लावला, सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट नंबर बदलला, आणि पहिली म्हैस साडेचार लिटरची नोंदली गेली.

चालतं, पण मधेच रीस्टार्ट होतं

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" दिसतं आणि लोक ते कारण म्हणून वाचतात. त्याचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. कारण आपणच शोधायचं. रॅमवर मेमटेस्ट रात्रभर लावा. कूलरची पेस्ट सुकली आहे का बघा. आणि नव्या एसएमपीएसचं लेबल वाचा, वर ठळक छापलेल्या ४५० चा काही भरवसा धरू नका. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १४ अँपिअर असतील तर १६८ वॉट, बस्स. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांचं मुख्य जेवण त्याच १२ व्होल्टवर असतं. बिलिंगच्या मशीनला तेवढं पुरेल, फ्लेक्सचं डिझाइन करणाऱ्या मशीनला पुरणार नाही.

केबल सुट्या निघणारा एसएमपीएस बदलताना जुन्याच्या केबल नव्याला कधीही लावू नका, कंपनी एकच असली तरी. सहज बसतात म्हणून त्या सारख्या वाटतात, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची रचना वेगळी असू शकते. ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्क एका सेकंदात संपते.

आणि मुळात तो जातो का?

धूळ, ओल आणि पालीसारखे जीव, ही आपल्याकडची नेहमीची कारणं. फौंड्रीजवळच्या ऑफिसातल्या एसएमपीएसवर काळी बारीक भुकटी बसते. तिच्यात लोखंड आणि ग्रॅफाइट असतं, वीज वाहून नेणारं. पावसाळ्यात ती ओलसर झाली की आत ठिणगी पडते. एसएमपीएसच्या जाळीतून ऊब शोधत शिरलेली पालीची पिल्लं मी कितीतरी वेळा काढली आहेत. २०१९ च्या ऑगस्टमधल्या आणि २०२१ च्या जुलैमधल्या महापुरानंतर शाहूपुरीकडून आलेल्या मशीनांत पंचगंगेचा गाळ होता. वरून सुकलेलं दिसत होतं म्हणून काहींनी घाईनं चालू केली होती, आणि वाचू शकले असते ते बोर्डही त्यात गेले.

पण एकाच जागी पुन्हा पुन्हा जात असेल तर भिंतीतल्या सॉकेटकडं वळायचं. प्लगमध्ये तीन मापं: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन २३० च्या आसपास आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थ बहुधा जोडलेलाच नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळं अशा कॅबिनेटवर मीटरला ११० च्या आसपास दिसतं. करंट अगदी थोडा असतो, पण पिन काढता-घालताना तोच यूएसबी आणि प्रिंटरचे पोर्ट खातो.

संस्थेत फेज-न्यूट्रल २३५ होतं, न्यूट्रल-अर्थ ३. सगळं चोख. मी निघणारच होतो, तेवढ्यात कॅन धुवायला पाणी तापवायचा हीटर कुणीतरी लावला. मीटर अजून सॉकेटमध्येच होता. आकडा २३५ वरून सरकत २७० वर जाऊन थांबला. न्यूट्रल-अर्थ बघितलं तर ६०. हीटर बंद केला, पुन्हा २३५. सचिवांना म्हटलं, "अण्णा, एकदा लावा, एकदा काढा," आणि आम्ही दोघं तो आकडा वर-खाली जाताना बघत राहिलो.

इमारतीला थ्री फेज. हीटर एका फेजवर, कॉम्प्युटर दुसऱ्या. मेन स्विचमधला न्यूट्रल ढिला. मोठा लोड एका फेजवर आला की ढिला न्यूट्रल त्या फेजकडं ओढला जातो आणि बाकीच्यांचं व्होल्टेज चढतं. पूर्ण तुटला तर ते ४०० च्या जवळही जाऊ शकतं. २७० चं डीसी होतं ३८० च्या वर. स्वस्त एसएमपीएसमध्ये २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकापाठोपाठ लावलेले असतात, म्हणजे दोघं मिळून ४०० सोसणारे. रोज सकाळ-संध्याकाळ, कॅन धुण्याच्या वेळी, ते कडेलोटावर उभे राहत होते.

वायरमनला बोलावलं. मेन बंद करून त्यानं न्यूट्रलचं टोक बाहेर काढलं तर तांबं काळं पडून वरचं आवरण करपलेलं. टोक कापून नवा लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबला, स्क्रू कसला. हीटर लावला, मीटर २३४ वर हलला नाही. हे काम स्वतः करायचं नसतं, पण मीटरचे आकडे कागदावर लिहून वायरमनच्या हातात देता येतात. "व्होल्टेज वर-खाली होतंय" म्हणण्यापेक्षा "हीटर लावल्यावर न्यूट्रल-अर्थ ६०" म्हटलं की तो थेट न्यूट्रलकडं जातो.

त्यानंतर ६०० व्हीएचा यूपीएस बसवला. तो साधारण ३६० वॉटचा असतो, एका बिलिंग मशीनला भरपूर, मात्र त्यावर लेझर प्रिंटर लावायचा नाही. चौथा एसएमपीएस त्याला जोडला. तीन पावसाळे झाले, तोच चालू आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी जाळीतली धूळ ब्लोअरनं काढतो, हीटर लावून तिन्ही मापं घेतो आणि संस्थेच्या वहीत तारखेसह लिहून ठेवतो.